तो कट तिथेच का?

प्रिय ताई,

मी २४ वर्षांची आहे. दोन वर्षं संकलन करतेय: चार लघुपट, मैत्रिणीचा एक माहितीपट आणि बऱ्याच छोट्या जाहिराती. आता एखाद्या मोठ्या कामावर असिस्टंट एडिटर म्हणून शिरायचंय. त्यासाठी तीन मुलाखती दिल्या, तिन्ही फसल्या. शेवटच्या मुलाखतीत संकलकांनी माझी दीड मिनिटाची रील, म्हणजे निवडक कामाची झलक, बघितली, एका कटवर थांबवली आणि विचारलं, "इथे का कापलंस?" मी म्हटलं, "बरं वाटलं म्हणून." मग प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) आणि सिंक (चित्राशी आवाज जुळवणं) याबद्दल विचारलं. नीट येत नव्हतं, तरी "हो, केलंय" म्हणाले आणि पुढच्याच प्रश्नात पकडली गेले. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी चार तासांचं फुटेज देऊन तीन मिनिटांचा ट्रेलर करून आणायला सांगितलं होतं. तीन रात्री जागून केला. पैसे नाहीत, उत्तरही नाही. मुलाखतीत नक्की काय बघतात? रीलमध्ये काय ठेवू? कोणतं सॉफ्टवेअर शिकू? आणि ज्यांच्यासमोर खोटं बोलले, त्यांना पुन्हा तोंड दाखवता येईल का?

— टाइमलाइनवर अडकलेली

अगं,

"बरं वाटलं म्हणून" या उत्तराची तुला लाज वाटतेय हे पत्रात दिसतं. पण ते उत्तर खोटं नव्हतं, अर्धं होतं. पहिल्यांदा कट मारला जातो तो बोटांनी आणि कानांनी. कारण बहुतेक वेळा मागाहून सापडतं. मुलाखत घेणाऱ्याला हे मागाहून सापडलेलंच ऐकायचं असतं. उद्या दिग्दर्शक शेजारी बसून हाच प्रश्न विचारणार आहे, आणि त्या वेळी खोलीत कुणाला तरी उत्तर द्यावं लागणार आहे.

समज, दोन बहिणींचा प्रसंग आहे. थोरली म्हणते, "मी आता परत येणार नाही." तू "परत" या शब्दावरच थोरलीला सोडून धाकटीवर गेलीस. का? याचं पूर्ण उत्तर असं असू शकतं: "पाच टेक होते. त्यातल्या फक्त तिसऱ्यात तो शब्द कानावर पडताक्षणी धाकटी हातातलं पुस्तक मिटते. मी वाक्य संपेपर्यंत थोरलीवर थांबले असते, तर पुस्तक आधीच मिटलेलं दिसलं असतं. म्हणून थोरलीचं उरलेलं वाक्य धाकटीच्या चेहऱ्यावर ऐकवलं." याला एल-कट म्हणतात. तू ते नाव घेतलं नाहीस तरी चालेल. एवढ्या चार वाक्यांत समोरच्याला कळतं की तू पाचही टेक शेवटपर्यंत बघितलेस, नुसतं बोलणाऱ्याच्या मागे गेली नाहीस, आणि दुसरा पर्याय काय होता हेही तुला ठाऊक आहे.

वॉल्टर मर्च या संकलकाने चांगल्या कटचे सहा निकष सांगितले आणि त्यांना टक्केही दिले. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०. उरलेले १६ टक्के प्रेक्षकाची नजर कुठे आहे, पडद्यावरची मांडणी आणि प्रसंगातली खरी जागा यांत वाटलेले. भावनेला एकटीला निम्म्याहून जास्त, हे मला आजही पटतं. पण हे आकडे पाठ करून येणारी मुलं खूप भेटतात. आकडे ऐकून मला त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही. ते मिटलेलं पुस्तक कुणी सांगितलं तर कळतं.

तेव्हा आजपासून आठवडाभर एक काम कर. स्वतःच्या कामातले दहा कट निवड. त्यातले निदान तीन तुला न आवडणारे असू देत. प्रत्येकाखाली लिही: इथे काय मिळालं, काय गमावलं, आणि दुसरीकडे कुठे कापता आलं असतं. न आवडणाऱ्या तिघांवर जास्त वेळ दे. "हा कट मला अजून खटकतो, दोन फ्रेम उशिरा आहे, पण त्याआधी कॅमेरा हलत होता म्हणून मागे जाता आलं नाही" असं सांगणाऱ्या मुलीवर माझा लगेच विश्वास बसतो. आणखी एक प्रश्न तुला कुणी विचारला नसेल, पण मी नेहमी विचारते: "काय काढून टाकलंस?" छान दिसणारा एखादा शॉट, मेहनतीने मिळवलेला, दिग्दर्शकाचा लाडका, आणि तरीही तू तो काढलास. असा एक तरी प्रसंग आठवून ठेव. संकलकाचं निम्मं काम पडद्यावर दिसतच नाही. ते सांगता यायला हवं.

हे झालं कलेचं. पण तू जी जागा मागतेयस तिथे पहिले काही महिने कट मारायला फारसं मिळणार नाही, आणि मला वाटतं तुझ्या मुलाखती इथेच घसरतात. तू संकलक म्हणून बोलतेस आणि समोरचा असिस्टंट शोधत असतो. त्याच्या डोक्यात एकच हिशोब चालू असतो: लाखमोलाचं फुटेज हिच्या हाती देऊन मी रात्री निर्धास्त झोपू शकेन का?

असिस्टंटचा दिवस कसा जातो ते डोळ्यांसमोर आण. सेटवरून कार्डं किंवा ड्राइव्ह येतात. ती कॉपी करायची, तीही चेकसमने, म्हणजे मूळ आणि प्रत तंतोतंत सारखी आहे का हे दाखवणाऱ्या आकड्याने, पडताळून. नुसतं ओढून टाकायचं नाही. प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. कॅमेऱ्याच्या मूळ फाइली जड असतात, म्हणून त्यांच्या हलक्या प्रती काढायच्या. याच प्रॉक्सी, ज्यांवर तू अडखळलीस. संकलन प्रॉक्सीवर होतं आणि शेवटी टाइमकोड (प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा क्रमांक) व फाइलच्या नावावरून मूळ फाइली पुन्हा जोडल्या जातात. म्हणून मधेच कुणी नाव बदललं की अख्खी साखळी तुटते. मग आवाज. तो वेगळ्या यंत्रावर रेकॉर्ड झालेला असतो; टाइमकोड असेल तर त्यावरून, नसेल तर क्लॅपची पाटी मिटते त्या फ्रेमवर त्याचा ठोका बसवायचा. मग सीन आणि टेकप्रमाणे बिन, म्हणजे क्लिपांचे कप्पे, लावायच्या, सेटवरच्या नोंदींशी ताडून बघायच्या, आणि दहावा टेक नोंदीत आहे पण फाइलींत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा. दुसऱ्या दिवशी नाही.

सिंकवरचा एक प्रश्न मला आवडतो, तो तुलाही कधीतरी येईल: "मुलाखतीचा लांब टेक आहे. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटी जुळत नाहीत. काय झालं असेल?" आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच पुढे-मागे असेल, तर ठोका चुकीच्या फ्रेमवर बसवलाय. सरकवला की झालं. पण तो हळूहळू घसरत जात असेल, तर वेगात फरक आहे. एका ठिकाणी सेकंदाला २४ फ्रेम धरल्यात आणि दुसऱ्या ठिकाणी २३.९७६. फरक हजारात एकाचा, पण तासाभराच्या टेकमध्ये तो ३.६ सेकंदांचा होतो. हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने करून बघ, जमल्यास मुद्दाम चुकीचा प्रोजेक्ट बनवून ती घसरण डोळ्यांनी बघ. मग कुणी विचारलं तर पाठ केलेलं सांगावं लागणार नाही, बघितलेलं सांगशील.

तसंच, चित्र लॉक झाल्यावर, म्हणजे सगळे कट पक्के झाल्यावर, पुढे काय काय जातं हे माहीत असू दे: साउंडवाल्यांना एएएफ (आवाजाचे तुकडे त्यांच्या जागांसकट नेणारी फाइल), प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना हँडल, म्हणजे थोडा जादा आवाज, ठेवून, रंगसंस्काराला ईडीएल किंवा एक्सएमएल (कटांची यादी असलेली फाइल), दोघांनाही टाइमकोड छापलेला संदर्भ व्हिडिओ. आणि चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा "पिप", म्हणजे सगळ्यांचा आवाज एकाच जागी जुळतो. तू हे सगळं स्वतः केलेलं असण्याची अपेक्षा नसते. ऐकून दचकू नयेस एवढीच असते.

आता खोटं बोलण्याचं. माझ्या पहिल्या कामावरची एक रात्र सांगते. दोन कार्डं आली होती. मी कॉपी सुरू केली आणि "दोन्ही झाली" असं सांगून टाकलं. मला मनापासून तसंच वाटत होतं. सकाळी फाइली मोजल्या तर एका कार्डावरच्या अकरा क्लिप कमी. कार्ड पुन्हा वापरायला सेटवर परत गेलेलं. मी फोन केला तेव्हा ते पुसायच्या बेतात होते, सुदैवाने वाचलं. ज्यांच्या हाताखाली मी होते ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सांगण्याआधी मोजलं होतंस का?" त्या दिवसापासून "झालं" हा शब्द मी मोजल्याशिवाय उच्चारलेला नाही. म्हणूनच मुलाखतीतलं "हो, केलंय" मला इतकं लागतं. प्रॉक्सी येत नाहीत हा दोष दोन दिवसांत भरून निघतो. पण न केलेलं काम केलं म्हणणारी व्यक्ती कार्डाच्या बाबतीतही तसंच म्हणेल, ही भीती समोरच्याच्या मनातून जात नाही.

त्याऐवजी काय म्हणायचं? "हे मी केलेलं नाही. माझ्या कामात फुटेज हलकं होतं, गरज पडली नाही. कल्पना ठाऊक आहे; आज रात्री स्वतःच्या फुटेजवर करून बघेन." एवढंच, आणि माफी न मागता. मी अशा उत्तरावर मुलांना घेतलंय.

रीलचं सांगते. दीड मिनिटाची, संगीतावर कापलेली, दर सेकंदाला नवं चित्र असलेली रील बघून एवढंच कळतं की तुला ठेका कळतो. जाहिरातींच्या कामासाठी ते पुरेल. चित्रपट किंवा मालिकेच्या कामासाठी एक सलग प्रसंग दाखव: दोन-तीन मिनिटांचा, दोन माणसं बोलताहेत असा, ज्यात शांतता आहे. शांततेत किती फ्रेम थांबायचं हे रीलच्या धांदलीत दिसत नाही. मैत्रिणीच्या माहितीपटातला एखादा तुकडा असेल तर तो घे. माहितीपटात लिहिलेली पटकथा हाताशी नसते, गोष्ट संकलनाच्या टेबलावर सापडते, आणि तू ती कशी शोधलीस हे सांगण्यासारखं असतं. जोडीला जमल्यास त्याच प्रसंगाचा पहिला कट ठेव. पहिला आणि शेवटचा शेजारी-शेजारी बघण्याइतकं बोलकं दुसरं काही नाही.

तू नेमकं काय केलंस ते प्रत्येक कामाखाली लिही. संकलन तुझं होतं की तू मदत केलीस? हे क्षेत्र लहान आहे, एक फोन केला की कळतं. आणि प्रदर्शित न झालेलं कुणाचंही फुटेज परवानगीशिवाय दाखवू नकोस, कितीही सुंदर असो. दाखवणाऱ्याला वाटतं आपण छाप पाडली. बघणारा मनात म्हणतो, उद्या माझंही असंच दुसऱ्याला दाखवेल.

सॉफ्टवेअरबद्दल फार घोर लावून घेऊ नकोस. 'पॅरासाइट' हा २०१९चा चित्रपट फायनल कट प्रो ७ वर संकलित झाला, आणि त्या आवृत्तीचा विकास २०११ मध्येच थांबला होता. तरीही काम मागणाऱ्याला टीम ज्यावर चालते ते यावं लागतं. लांबलचक चित्रपट आणि मालिकांच्या टीममध्ये अजूनही अ‍ॅविड मीडिया कंपोझरचा पगडा आहे, कारण एकाच प्रोजेक्टवर अनेक जण बसले तरी एका वेळी एका बिनमध्ये एकच जण बदल करू शकतो, बाकीच्यांना ती फक्त उघडून बघता येते. कुणाचं काम कुणावर सांडत नाही. जाहिराती आणि माहितीपटांत प्रीमिअर प्रो सर्रास दिसतं, दाविंची रिझॉल्व्हही. त्याची मोफत आवृत्ती शिकायला भरपूर आहे. तू ज्यावर दोन वर्षं काम केलंस ते मुळापासून शीक. दुसऱ्या एकात फुटेज आत घेण्यापासून फाइल बाहेर काढण्यापर्यंतची एक पूर्ण फेरी मार. पाच नावं बायोडेटात लिहिण्यापेक्षा हे बरं.

मुलाखतीत एक परीक्षा असते जी परीक्षा आहे असं कुणी सांगत नाही. समोरचा तुझा कट बघून म्हणतो, "मला हा प्रसंग लांबला वाटतो." यावर बहुतेक जण दोन गोष्टी करतात. एक तर स्वतःचं समर्थन सुरू करतात, नाही तर लगेच "हो हो, बरोबर" म्हणतात. तो बघत असतो की सूचना ऐकल्यावर तुझ्या चेहऱ्याचं आणि डोक्याचं काय होतं. कारण पुढचे कित्येक महिने एका बंद खोलीत, थकलेल्या माणसांच्या सोबतीने, तू हेच ऐकणार आहेस. विचार, "कुठपासून लांबल्यासारखं वाटतं?" अनेकदा तक्रार एका जागेची असते आणि दुखणं त्याच्या अर्धा मिनिट आधी असतं. प्रसंग लांबला वाटतो कारण त्याआधीच आपल्याला कळायचं ते कळून चुकलेलं असतं. "मग दाराशी होणारं बोलणं काढून बघूया का? त्यातली माहिती पुढे पुन्हा येते" असं तू म्हणालीस, तर मुलाखत तिथेच संपते आणि काम सुरू होतं. मी स्वतः ज्यांना घेतलं त्यातल्या जवळजवळ सगळ्यांशी त्या खोलीत असं काहीतरी घडलेलं आहे.

जाण्याआधी त्या संकलकाचं निदान एक काम नीट बघ, आणि त्यातला एक प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघ. "तुमचं सगळं काम आवडतं" यापेक्षा "त्या जेवणाच्या प्रसंगात तुम्ही वडिलांवर एकदाही गेला नाहीत, ते कसं ठरलं?" हा प्रश्न फार पुढे नेतो. माणूस बोलायला लागतो. तू ऐक.

तूही विचारायला हवंस. रोज किती तासांचं फुटेज येतं, कॅमेरे किती, टीममध्ये आणखी कोण, लॉकची तारीख काय, श्रेयनामावलीत नाव कसं येणार, कधीतरी एखादा प्रसंग कापून बघायला मिळेल का. हा शेवटचा प्रश्न जरूर विचार; चांगले संकलक त्यावर खुश होतात. पैशाचा विषय निघाला तर आकडा सांगण्याआधी विचार की मोबदला दिवसाचा, आठवड्याचा की अख्ख्या कामाचा. अख्ख्या कामाचा असेल तर काम लांबलं की काय होईल हे लेखी घे. चित्रपट लांबतातच.

आणि तो ट्रेलर. मला राग आला ते वाचून, तुझ्यावर नाही. चाचणी घेणं गैर नाही. सगळ्या उमेदवारांना सारखाच एक प्रसंग द्यावा, दोन-तीन तासांत होईल एवढा, आणि नंतर त्यावर दहा मिनिटं बोलावं. ही चाचणी. चार तासांच्या खऱ्या फुटेजमधून तीन मिनिटांचा पूर्ण ट्रेलर हे काम आहे, आणि कामाचे पैसे असतात. पुढच्या वेळी शांतपणे म्हण, "चाचणी म्हणून मी यातला पहिला अर्धा मिनिट करून देते. पूर्ण हवा असेल तर मोबदला ठरवून करूया." जे दिलंस त्यावर चित्रभर नाव छापलेलं असू दे. यावर जे चिडतील, त्यांच्याकडे काम मिळालं असतं तरी तू तीन रात्रीच जागत राहिली असतीस. त्यांना आता एकच मेल लिही: ट्रेलर वापरणार आहात का, वापरणार असाल तर मोबदला आणि श्रेय काय. उत्तर आलं नाही तर सोडून दे, पण ती फाइल आणि त्यांच्या सूचना जपून ठेव.

राहता राहिले ते संकलक, ज्यांच्यासमोर तू पकडली गेलीस. त्यांनी तुझा कट थांबवून विचारलं, याचा अर्थ ते बघत होते. न बघणारा रील संपू देतो आणि "कळवतो" म्हणतो. त्यांना लिही. आजच नको, आधी घरी प्रॉक्सी आणि सिंकची ती पूर्ण फेरी दोनदा मार, दुसऱ्यांदा कुठेही न बघता. मग एवढंच लिही:

"त्या दिवशी प्रॉक्सी आणि सिंकचं काम केलंय असं मी म्हटलं, ते खरं नव्हतं. आता स्वतःच्या फुटेजवर दोनदा पूर्ण केलंय. आणि तुम्ही ज्या कटवर थांबलात तो मी पुन्हा बघितला. मुलगी वळण्याआधी सहा फ्रेम कापलंय, म्हणून ती वळणार हे आधीच कळतं. वळल्यावर कापायला हवं होतं. नवा कट सोबतच्या लिंकवर आहे."

कट कुठला होता आणि त्यात काय चुकलं ते तुझं तू शोध. वरचं मी अंदाजाने लिहिलंय. कदाचित तुला असंही सापडेल की तो बरोबरच होता. तसं असेल तर तसं लिही, कारणासकट. आणि पाठवण्याआधी ती लिंक दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर, तुझं लॉगिन नसताना, एकदा उघडून बघ.

— ताई